नापसंत झालेलें नाटक

१८५५ सालीं पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें एक लहानसें मराठी नाटक आलें. कर्त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें; जात माळ्याची; आणि मुलींसाठीं व अस्पृश्यांसाठीं शाळा काढल्यामुळें शहरांतील सनातनी मंडळींत त्याचें नांव आधींच पुरेसें गाजलेलें. नाटक ‘तृतीय रत्न’. कर्ते जोतीराव गोविंदराव फुले. कमिटीनें नाटक नापसंत केलें.

या दक्षिणेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटली जाई, तिचाच अवशेष कंपनी सरकारनें पुढें चालविला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील कांहीं रक्कम मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळविली. म्हणजे एके काळीं जो पैसा भिक्षुकाच्या ओंजळींत पडे, त्याच पैशांतून भिक्षुकीवर कोरडे ओढणाऱ्या नाटकास बक्षीस मागण्यांत आलें होतें! मागणाऱ्याच्या धाडसाचें कौतुक करावें, कीं भाबडेपणाचें? बहुधा दोहोंचेंही. पुढें १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ या ग्रंथांत जोतीरावांनीं या प्रसंगाचा उल्लेख केला. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असा त्यांचा आरोप आहे.

नाटकाची गोष्ट साधी आहे. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर असते. दारीं एक जोशी येतो, आणि पोटांतील मुलास ग्रहांची पीडा आहे अशी भीति त्या भोळ्या बाईच्या मनांत भरवून देतो. ग्रहांची शांति व्हावयाची तर अनुष्ठान हवें; अनुष्ठान म्हटलें कीं ब्राह्मणभोजन आलें; आणि ब्राह्मणभोजन म्हटलें कीं तूप, साखर नि दक्षिणा आलीच. नवरा कुरकुरतो; पण बायकोमुलाच्या जिवापुढें त्याचें शहाणपण टिकत नाहीं, आणि तो ऋण काढून मोकळा होतो. पुढें एका पाद्र्याशीं गांठ पडते, वादविवाद होतो, आणि शेवटीं तें जोडपें फुले पतिपत्नींच्या रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितें. ही शाळा कल्पनेंतली नव्हे. त्याच १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं ती सुरू केली होती. प्रेक्षकाला नाटकांतून उठवून थेट शाळेच्या दारांत नेऊन सोडणारा असा शेवट त्या काळच्या मराठी नाटकांत दुसरा सांपडणें कठीण.

तो काळ कोणता होता हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तें १८४३ सालीं. तेव्हांपासून रंगभूमीवर देव, दैत्य आणि ऋषि नांदत होते. सूत्रधारानें पदें म्हणावीं, राक्षसांनीं आरडाओरड करावी, आणि वनचराच्या सोंगांत आलेल्या विदूषकानें आरंभीं लोकांना हंसवावें, असा शिरस्ता होता. विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून निघालें तें १८६१ सालीं. अशा वेळीं कुणब्याचें घर, त्याची गरोदर बायको आणि त्याचें कर्ज हा नाटकाचा विषय होऊं शकतो, ही कल्पनाच बंडखोर होती. जोतीरावांनीं विदूषकही घेतला, परंतु त्याला हंसवून निघून जाऊं दिलें नाहीं. तो मधून मधून प्रेक्षकांकडे वळतो आणि जोशाच्या बोलण्यांतील मेख उघडी करून दाखवितो. नाटकांत दोष नाहींत असें नव्हे. पाद्र्याचें संभाषण लांबतें आणि तेथें नाट्याची जागा व्याख्यान घेतें. पण जोशी कुणबिणीला बोलण्यांत कसा गुंतवितो, हे प्रवेश आजही वाचणाऱ्यास अस्वस्थ करतात.

बक्षीस गेलें, त्याबरोबर छपाईही गेली. सुधारणेचें नाटक लिहिणें ही एक गोष्ट आणि त्याला रंगभूमि मिळणें ही दुसरी. हा भेद पुढें ‘शारदा’ नाटकाच्या वेळीं स्पष्ट दिसून आला.

गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच्या पाठीशीं किर्लोस्कर नाटक मंडळी होती आणि अवीट गोडीचीं पदें होतीं. पैशाच्या लोभानें कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या श्रीमंत जरठास देऊं करतो, या कथेनें घरोघर बायकांच्या डोळ्यांना पाणी आणलें. पुढें १९२९ सालीं हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नानें बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला, तेव्हां महाराष्ट्रांत त्याचें ‘शारदा कायदा’ हें नांव रूढ झालें. सारडा अजमेरचे, नाटकाशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. परंतु लोकांच्या मनांत नायिकेचें नांव इतकें पक्कें बसलें होतें कीं कायदा तिचाच वाटावा!

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शारदेचें लग्न मंडपांत मोडतें तें वधूवर सगोत्र निघतात म्हणून. मुलगी विकणें हा अन्याय आहे म्हणून नव्हे. देवलांना आपला प्रेक्षक ठाऊक होता. तिकीट काढून आलेल्या पांढरपेशा गृहस्थास शास्त्राच्याच आधारानें समजवावें लागे. त्यांनीं जें केलें तें थोडें नव्हे. पण कुणब्याची बायको त्या मंडपांत कोठेंच नव्हती.

तिच्या दारीं नाटक गेलें तें तमाशाच्या वाटेनें. सत्यशोधक समाज १८७३ सालीं पुण्यास स्थापन झाला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सातारा, कोल्हापूर, पुणें या बाजूस त्या समाजाचे जलसे गांवोगांव फिरूं लागले. ढोलकी तीच, तुणतुणें तेंच, गण आणि वग यांची चालही ओळखीची. मात्र गणाचा अर्थ बदलला, शृंगाराला रजा मिळाली, आणि वगांत सावकार, कुळकर्णी व भिक्षुक उभे राहिले. प्रयोगाला पडदा नको, तिकीट नको. जत्रेचा माळ किंवा देवळापुढचें पटांगण पुरे. तेथें अक्षरशून्य शेतकऱ्याने स्वतःचीच फजिती पाहिली आणि हंसतां हंसतां तो विचारांत पडला. पुरोहितावांचून लग्नें लावण्याचें धैर्य अनेक खेड्यांना झालें, त्यांत या ढोलकीचा वांटा मोठा आहे.

१९२७ चा महाडचा आणि १९३० चा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह यानंतर हीच परंपरा आंबेडकरी जलशांनीं उचलली. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रगण्य शाहीर. दिवसा मजुरी करणारे तरुण रात्रीं कंदिलाच्या उजेडांत उभे राहून मेलेलीं गुरें ओढूं नका, मुलांना शाळेंत घाला, लग्नासाठीं कर्ज काढूं नका, असें आपल्याच वस्तींतील वडील माणसांना गाऊन सांगत. हें सोपें नव्हतें. परक्यावर टीका करणें निराळें आणि वतनाला कवटाळून बसलेल्या चुलत्यापुढें तें वतन टाकून द्या म्हणून गाणें निराळें. शिवाय गांवकीचा रोष होताच.

या शाहिरांपुढें ‘तृतीय रत्न’ छापील रूपांत कधीं आलें नाहीं. आणि तरी जोशी, कुणबी, कर्ज आणि शाळा हीं तींच पात्रें, तेच प्रश्न त्यांच्या वगांत पुन्हां पुन्हां उभे राहिले. जोतीरावांच्या हस्तलिखितास छपाईची शाई लागली ती १९७९ सालीं, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकांत. कमिटीनें नापसंत केल्यापासून एकशें चोवीस वर्षांनीं.