वाकड्या नळीचा दाबमापक

वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला की माणसे दगावत. त्यामुळे आतील दाब सतत कळणे ही एकोणिसाव्या शतकाची निकड होती. पाऱ्याच्या स्तंभाने दाब मोजता येई. पण एका वातावरणाइतक्या दाबाला ७६ सेंटिमीटर, तर दहापटीला ७.६ मीटर उंचीची नळी हवी. धावत्या इंजिनावर ती उभी कशी करणार?

याचे उत्तर पॅरिसच्या युजीन बूर्दों या यंत्रकाराला एका बिघाडातून सापडले. वेटोळे घातलेली एक नळी चेपली गेली होती. ती पूर्ववत व्हावी म्हणून त्याने आत दाबाने पाणी भरले. चपटी नळी गोल होऊ लागली आणि त्याबरोबर तिचे वेटोळेही सुटू लागले. दाब वाढेल तसे ते अधिक सुटे. १८४९ मध्ये त्याने या तत्त्वावरील दाबमापकाचे पेटंट घेतले.

आजही हायड्रॉलिक प्रेसवर आपल्याला हीच नळी भेटते. तिचे बंद टोक सरकते आणि दंतचक्रे काटा फिरवतात. पंपाच्या धक्क्यांनी काटा थरथरतो, चक्रे झिजतात. म्हणून जोडणीत बारीक छिद्र ठेवतात व मापकात ग्लिसरीन भरतात. नेहमीचा दाब तबकडीच्या मध्याजवळ येईल असा मापक निवडतात.

फुंकर मारताच उलगडणारी जत्रेतील कागदी गुंडाळी वर्गात जरूर दाखवावी, असे आम्ही सुचवतो. मग विचारावे : उघड्या हवेत हा मापक शून्य का दाखवतो? हवा तर नळीच्या आतूनही दाबते आणि बाहेरूनही!