तर्जनीवरील शाई

कायद्याची भाषा रुक्ष असते खरी. परंतु तिच्यातील एखादा शब्द पुष्कळ काही पोटात घेऊन बसलेला असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६१ वे कलम मतदाराच्या अंगठ्याला अथवा अन्य कोणत्याही बोटाला न पुसणारी शाई लावण्याची मुभा देते. १९६१ च्या निवडणूक नियमांत अंगठा मागे पडला आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे आली. आपल्याकडे अंगठ्याचा इतिहास काही सुखाचा नाही. सावकाराच्या खतावर उठलेला अंगठा ही निरक्षरतेची कबुली असे आणि पुष्कळदा जमीन गेल्याची पावतीही असे. नियम करणाऱ्यांच्या मनात हा विचार होता असे आमचे म्हणणे नाही. बोट तपासावयाची सोय एवढेच कारण असेल. तरीही वकिलाची आणि मजुराची एकच तर्जनी पुढे यावी, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

त्याच नियमाचे पुढचे पोटकलम अवश्य वाचावे. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे बोट घ्यावे. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताचे. आणि दोन्ही हातांना बोटे नसतील तर जो काही हात उरला असेल त्याच्या टोकाला शाई लावावी. महारोगी, गिरणीत हात गमावलेला कामगार, लढाईत जायबंदी झालेला शिपाई, ह्या सर्वांची आठवण हा मसुदा लिहिणाऱ्याने ठेविली. सरकारी मसुद्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्या आमच्या वाचकांस अशा आठवणीचे मोल निराळे सांगावयास नको.

ह्या शाईची गरज का पडली, हे कळण्यासाठी १९५१ सालच्या मतदारयाद्यांकडे वळले पाहिजे. इंग्रजी अमदानीत मताचा अधिकार मालमत्ता व शिक्षण यांच्या आधारे थोड्यांना मिळे. स्वतंत्र भारताने तो एकदम सर्व प्रौढांस दिला. यादीत सतरा कोटींवर नावे चढली. त्यांतील बहुसंख्य लोकांस आपले नाव वाचता येत नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे आणखी एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तरेकडील कित्येक प्रांतांत स्त्रिया परक्यास आपले नाव सांगेनात. यादीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी झाल्या. सेन यांनी त्या मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लक्ष स्त्रिया पहिल्या निवडणुकीपुरत्या यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण आमच्या मते तो योग्य होता, कारण पुढच्या खेपेस त्याच स्त्रियांस स्वतःच्या नावाने यादीत यावे लागले.

छायाचित्रासह ओळखपत्र तेव्हा स्वप्नातही नव्हते. ते देण्याचा आदेश निघावयास १९९३ साल उजाडले. ‘तू कोण?’ ह्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर राज्याजवळ नव्हते. ‘तू आज एकदा येऊन गेलास काय?’ एवढ्याचेच उत्तर मिळवणे शक्य होते, आणि ते बोटावर लिहिले गेले. हिमाचल प्रदेशातील चिनी भागात २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मतदानास आरंभ झाला, आणि १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललेल्या त्या निवडणुकीत शाईच्या जवळजवळ ३ लक्ष ९० हजार कुप्या लागल्या.

कायम टिकणारी खूण आपल्या समाजास नवी नव्हती. परीट पिढ्यानपिढ्या बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करीत आले आहेत. परंतु बिब्बा कापडाला मानवतो, कातडीला उततो. कातडीला न उतणारा बिब्बा शोधण्याचे काम वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले. दिल्लीत पुसा भागातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी हा शोध निगडित आहे. आरंभीच्या प्रयोगांशी डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांचेही नाव जोडले जाते. ते पुढे १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले. शाईचे मर्म सिल्व्हर नायट्रेटमध्ये आहे. कातडीवरील क्षारांशी त्याचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि उजेडात तो काळा पडतो. जुन्या छायाचित्रकारांची बोटे काळवंडत ती ह्याच द्रव्याने. कातडीवरील डाग कातडीबरोबर झडतो. नखावरचा मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो.

आता ह्या शाईच्या मर्यादेचा विचार करू. ६१ व्या कलमाचा मथळा तोतयेगिरी रोखण्याविषयी बोलतो. तोतयाचे दुखणे मराठी माणसास नवे नाही. दिल्लीहून पानिपतास जाऊन येणाऱ्या आमच्या वाचकांस भाऊसाहेबांच्या तोतयाची कथा ठाऊकच आहे. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्याला देहान्त शिक्षा झाली तेव्हा ते प्रकरण मिटले. शाई तोतयास ओळखीत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर पहिल्यांदा मत देऊन गेला तर त्याचे बोट खऱ्या मतदाराइतकेच निष्कलंक होते. मागाहून खरा मतदार येतो तेव्हा त्याला प्रदत्त मत देऊ केले जाते. ते पाकिटात बंद राहते आणि सामान्य मोजणीत धरले जात नाही. शाईने अडतो तो दुसऱ्यांदा येणारा.

पहिल्या निवडणुकीतील आणखी एका दुबारपणापुढे तर ती अगदीच निरुपाय होती. काही मतदारसंघ द्विसदस्य होते. दिल्लीचा बाह्य भाग त्यांतलाच, आणि उत्तर मुंबईही. तेथे मतदारास दोन मतपत्रिका मिळत, पण दोन्ही एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकण्यास बंदी होती. एका बोटावर एकच ठिपका आणि पडद्याआड दोन मते! घटनासमितीपुढे निवडणूक आयोगाचे कलम ज्यांनी मांडले ते डॉ. आंबेडकर १९५२ मध्ये ह्याच उत्तर मुंबईत पराभूत झाले, आणि मतांच्या ह्या घोळाबद्दल त्यांनी व अशोक मेहता यांनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पुढे १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

१९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. राजेसाहेब कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीत १९३७ मध्ये तो लाख व रंगांसाठी निघाला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी तेथून साडेसव्वीस लाखांच्या घरात कुप्या गेल्या. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटांस बँकांतून अशीच शाई लागू लागली, तेव्हा तोंडावर आलेल्या पोटनिवडणुकांत गोंधळ होईल म्हणून आयोगाने अर्थखात्यास पत्र धाडले. मताची खूण रांगेची खूण होऊ नये, हे आयोगाने वेळीच बजावले हे उत्तम झाले.

बदलीच्या नोकरीत दिल्लीस आलेल्या आमच्या महाराष्ट्रीय बांधवांशी ह्या शाईचा संबंध अंमळ जवळचा आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. तो जेथे सामान्यतः राहतो तेथेच ते असावे. व्यवहारात दिल्लीच्या यादीत नाव चढते आणि गावच्या यादीतले तसेच राहून जाते. ते काढावयाचे म्हणजे वडिलार्जित घराच्या उताऱ्यावरून नाव खोडल्यासारखे वाटते. ह्यात लबाडी नसते, ओढ असते. पण नियमास ओढ दिसत नाही. २०२४ मध्ये नागपुरास १९ एप्रिल रोजी मतदान झाले, पुण्यास १३ मे रोजी, मुंबईस २० मे रोजी आणि दिल्लीत २५ मे रोजी. नागपूर व दिल्ली यांत छत्तीस दिवसांचे अंतर पडले. नख महिन्याकाठी सुमारे तीन मिलिमीटर वाढते, आणि २००६ पासून शाईची रेघ नखाच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ओढतात. तेव्हा नागपूरची रेघ दिल्लीच्या मतदानकेंद्रावरील कारकुनास नखावर निम्म्याहून अधिक शिल्लक दिसली असती.