गिटारवाल्याचे कान आणि मेसोझोइकची पाखरं

मागच्या भागाचं रेकॉर्डिंग चालू असताना मी बोलता बोलता एका बँडचं नाव घेतलं आणि बाकीचे दोघे हसायलाच लागले. बर्डसाँग्ज ऑफ द मेसोझोइक. म्हणजे डायनासोरांच्या युगातल्या पाखरांची गाणी. नाव गमतीदार आहे, मान्य. पण त्याच्यामागे एका माणसाच्या बिघडत चाललेल्या कानांची गोष्ट आहे आणि ती त्या दिवशी वेळेअभावी राहून गेली. म्हणून इथे लिहितोय.

१९७९ साली बोस्टनमध्ये मिशन ऑफ बर्मा नावाचा बँड सुरू झाला. पंक नंतरच्या पिढीचं संगीत: वेगवान, कर्कश आणि विलक्षण मोठ्या आवाजात वाजणारं. गिटारवर रॉजर मिलर होता. चौथा सभासद मार्टिन स्वोप स्टेजवर नसायचाच. तो मिक्सरपाशी बसून चालू कार्यक्रमाचे तुकडे टेपवर घ्यायचा आणि उलटसुलट करून पुन्हा त्याच गाण्यात सोडायचा. ऐकणाऱ्याला कळायचं नाही की हा जादाचा आवाज येतोय कुठून.

मिलरला टिनिटस झाला. आपल्याकडे ‘कान वाजतात’ असं चेष्टेत म्हणतात, पण याचे कान खरोखरच वाजत होते. आजूबाजूला काहीही नसताना सतत एक सूर. नेमबाजीच्या सरावाला लावतात तसले जाड कर्णरक्षक घालून तो स्टेजवर उभा राहायचा. पण एवढ्याने भागेना. १९८३ मध्ये, ऐन भरात, बँड बंद करावा लागला.

आता गंमत बघा. १९८० पासूनच मिलर आणि एरिक लिंडग्रेन फावल्या वेळात काही वेगळंच करत होते. मिलर पियानोवर, लिंडग्रेन सिंथेसायझर आणि कीबोर्डवर. पुढे रिक स्कॉट आणि टेपवाला स्वोपही त्यात आले. गायक नाही. ड्रमसेट नाही. म्हणजे मिलरच्या कानांचे दोन मोठे शत्रूच वगळले: ड्रम आणि त्याची स्वतःची गिटार. जोडधंदा म्हणून सुरू झालेली गोष्ट त्याचा आसरा झाली.

संगीत कुठल्या खणात ठेवायचं याचा आजही नीट उलगडा होत नाही. पियानोचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, तो अमेरिकन मिनिमलिस्ट रचनाकारांकडून आलेला. त्यावर पंकचा रेटा. मध्येच टीव्हीवरच्या कार्टूनची धून. १९८४ च्या ‘मॅग्नेटिक फ्लिप’ या अल्बममध्ये ‘रॉकी अँड बुलविंकल’ या कार्टूनचं शीर्षकसंगीत आहे आणि त्याच तबकडीवर स्ट्रॅविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’मधले उतारेही आहेत! मला विचाराल तर हा अल्बम म्हणजे उत्खननाचा खड्डाच. वेगवेगळ्या काळातले थर एकाच भिंतीत दिसतात आणि कोणीही त्यांच्यावर सारवण केलेलं नाही.

इथे स्ट्रॅविन्स्की का महत्त्वाचा? १९१३ मध्ये पॅरिसला ‘राइट’ पहिल्यांदा सादर झालं तेव्हा त्यात एकही डायनासोर नव्हता. तो बॅले होता, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या रशियातल्या वसंतविधीचा आणि एका मुलीच्या बळीचा. डायनासोर आणले वॉल्ट डिस्नीने, १९४० च्या ‘फँटेशिया’त. पृथ्वीचा जन्म, समुद्रातले जीव, मग टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरसची पावसातली मारामारी, आणि शेवटी तहानेने व्याकूळ होऊन वाळवंटात कोसळणारे कळप. (या दोघांची मारामारी शक्यच नव्हती; स्टेगोसॉरस टायरॅनोसॉरसच्या सुमारे आठ कोटी वर्षं आधी संपला. म्हणजे टायरॅनोसॉरस आपल्याला जितका प्राचीन, त्याहूनही तो टायरॅनोसॉरसला प्राचीन!) संगीताची कापाकापी आणि क्रमबदल स्ट्रॅविन्स्कीला पसंत पडले नाहीत. पण अमेरिकेतल्या कित्येक मुलांनी ते संगीत आधी डायनासोरांबरोबरच ऐकलं. ‘मेसोझोइक’ नाव लावणारा बँड ‘राइट’ वाजवतो तेव्हा ही सगळी भानगड आपोआप सोबत येते.

पाहायला गेलं तर ही कल्पना त्याहून जुनी. १८८६ मध्ये सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ ही चौदा तुकड्यांची वाद्यरचना केली. त्यात ‘जीवाश्म’ नावाचा तुकडा आहे. हाडांच्या खडखडाटासाठी झायलोफोन, आणि सूर सगळे उसने: लहान मुलांची फ्रेंच गाणी, रोसिनीच्या ऑपेरातलं एक गाणं, आणि स्वतःचीच बारा वर्षांपूर्वीची गाजलेली रचना. माझीही रचना आता जीवाश्म झाली, असा तो विनोद. पण असल्या थट्टेने गंभीर संगीतकार म्हणून आपली पत जाईल या धास्तीने त्याने ‘हंस’ हा एक तुकडा सोडून बाकी सगळं हयात असेपर्यंत छापू दिलं नाही. १९२१ मध्ये तो गेला, पुढच्याच वर्षी ते बाहेर आलं. आज त्याचं नाव अनेकांना माहीत आहे ते त्या थट्टेमुळेच.

बोस्टनच्या मंडळींना मात्र थट्टेची लाज नव्हती. त्यांच्या अल्बमची नावंच बघा: ‘सॉनिक जिऑलॉजी’, ‘फॉल्टलाइन’, ‘पायरोक्लास्टिक्स’, ‘डान्सिंग ऑन आ-आ’. यातलं ‘आ-आ’ म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत, पाय सोलणारा लाव्हा. दख्खनच्या लाव्हाचं वर्णन करतानाही भूशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हाचे झाले तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, अगदी मेसोझोइक संपता संपता. बँड सुरू झाला त्याच १९८० साली अल्व्हारेझ पितापुत्रांचा लघुग्रहाच्या आघातावरचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि डायनासोरांना उल्केने मारलं की आपल्या दख्खनने, या वादाला तोंड फुटलं. तो अजून पुरता मिटलेला नाही.

आणि पाखरं? नाव ठेवताना विनोद असेल, पण मेसोझोइकमध्ये पक्षी होतेच. त्यांचा आवाज कसा होता याचा थोडा अंदाज २०१६ मध्ये आला. अंटार्क्टिकाजवळ सापडलेल्या ‘व्हेगाव्हिस’ या पक्ष्याच्या जीवाश्मात पक्ष्यांचं स्वरयंत्र टिकून राहिलेलं दिसलं. गाणं वगैरे काही नाही हो, बदकासारखं केकाटणं असावं. त्याआधी, २०१२ मध्ये, चीनमधल्या साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या एका नाकतोड्याच्या पंखांवरचे दाते मोजून त्याचा सूर काढला गेला होता: ६.४ किलोहर्ट्झ, एकच शुद्ध सूर. मी तो हेडफोनवर ऐकला. अर्ध्या मिनिटात काढून ठेवावासा वाटला. अस्साच सूर चोवीस तास डोक्यात असेल तर माणूस काय करेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला.

मिलरने १९८७ मध्ये बर्डसाँग्ज सोडला. त्याच्यानंतर केन फील्डचा सॅक्सोफोन आला आणि बँड चालू राहिला. २००२ मध्ये, एकोणीस वर्षांनी, मिशन ऑफ बर्मा पुन्हा उभा राहिला. ड्रम वाजवणाऱ्याच्या पुढे पारदर्शक प्लास्टिकची भिंत, मिलरच्या कानांवर तेच जाड कर्णरक्षक, आणि हातात गिटार.