जीर्णोद्धाराची विद्या

इतिहासकाराचे लक्ष बांधणाऱ्याकडे जाते. डागडुजी करणाऱ्याकडे सहसा जात नाही. किल्ला कोणी बांधला हे बखरकार सांगतो, परंतु त्याचा ढासळता बुरूज पुढे शंभर वर्षे कोणी सावरून धरला, याची नोंद जमाखर्चाच्या एखाद्या कागदात सापडली तर सापडते. वस्तुतः आपल्या परंपरेने दुरुस्तीला कधी हलके लेखलेले नाही. अहिल्याबाई होळकरांचे नाव आज सर्व भरतखंडात आदराने घेतले जाते, त्याचे मोठे कारण त्यांनी पुन्हा उभी केलेली देवळे व घाट हेच होय. वाङ्मयात तर याहूनही बोलका दाखला आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर सुमारे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तीत अनेक अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत आपल्या पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. दोष शोधावा, मूळ प्रतींशी ताडून तो दूर करावा आणि त्या मिषाने आपली हौस ग्रंथात घुसडू नये, ही संशोधकाची तिन्ही कर्तव्ये त्या एका कार्यात दिसतात.

या तिन्ही कर्तव्यांचा आजच्या काळातील एक मोठा प्रयोग संगणकाच्या क्षेत्रात चालू आहे. 'लिनक्स' या नावाने प्रसिद्ध असलेली संगणकाची कार्यप्रणाली जगभरचे हजारो लोक तीस वर्षांहून अधिक काळ दुरुस्त करीत आले आहेत. त्या दुरुस्तीचा इतिहास, आणि त्यात मराठी भाषेचे काय गुंतले आहे, हे थोडक्यात सांगण्याचा येथे विचार आहे.

हा विषय उल्हासनगरच्या तिसऱ्या कॅम्पात बसून लिहावा, यात औचित्य आहे. हे गाव मुळी कोणी गाव म्हणून वसविलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी तळ उभारला गेला. युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या. पुढे १९४७ साली फाळणी झाली व सिंधमधून निघालेल्या निर्वासितांस, सुमारे एक लाख जीवांस, या बराकींत आश्रय देण्यात आला. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. लष्करी तळाचे पाच विभाग मात्र 'कॅम्प' याच नावाने आजतागायत ओळखले जातात. शिपायांच्या निवाऱ्यातून संसारांची घरे, घरांतून दुकाने व दुकानांतून कारखाने काढणारे हे लोक; दुसऱ्याने दुसऱ्या हेतूने केलेली वस्तू आपल्या कामी आणण्याची विद्या त्यांना परिस्थितीनेच शिकविली. जगाने त्यांची थट्टा केली. 'मेड इन यू. एस. ए.' याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावणारा विनोद मुंबईकरांच्या तोंडी अनेक वर्षे होता. दुसऱ्याचे नाव लावून माल विकणे ही लबाडी खरीच. परंतु यंत्र उघडणे, ते समजून घेणे व पुन्हा चालते करणे ही विद्या होय. विनोदाच्या भरात या दोन गोष्टींतील भेद पुसला गेला, आणि तोच भेद आपल्या विषयाचे मर्म आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकात पडदा, कळफलक, छपाईयंत्र, बिनतारी जाळ्याशी जोडणारी चकती असे अनेक अवयव असतात, आणि प्रत्येकाची बोली निराळी असते. लेख लिहिण्याच्या किंवा चित्र दाखविण्याच्या आज्ञावलीला या सर्व बोली येत नाहीत. ती आपले मागणे कार्यप्रणालीपुढे मांडते, व कार्यप्रणाली ते त्या त्या अवयवाच्या दुभाष्याकडे सोपविते. या दुभाष्यास इंग्रजीत 'ड्रायव्हर' म्हणतात. शब्दशः तो सारथी खरा, पण काम दुभाष्याचे करतो. अवयवाच्या कोणत्या खणात कोणता अंक ठेवला असता तो जागा होतो, काम संपल्याची वर्दी तो कशी देतो, ही सर्व गुपिते दुभाष्यास ठाऊक असावी लागतात. प्रत्येक अवयवावर त्याच्या निर्मात्याचा व त्याचा स्वतःचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात, आणि दुभाष्याजवळ आपणास कळणाऱ्या क्रमांकांची यादी असते. कित्येकदा नवा अवयव जुन्याच बोलीत बोलत असतो, केवळ यादीत त्याचा क्रमांक नसतो. अशा वेळी एका ओळीची भर घालताच मुके यंत्र बोलू लागते. पण ती ओळ घालण्यास यादी उघडी असावी लागते.

या चळवळीचा उगमही एका छपाईयंत्राच्या दुभाष्यापाशीच सापडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीने एक लेझर छपाईयंत्र दिले. त्यात कागद वरचेवर अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत फेरफार करून, कागद अडकताच संबंधितांस सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांस मिळेना. ज्याच्यापाशी ती होती त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्यामुळे ती देण्यास नकार दिला. यंत्र समोर, दोष समोर, दुरुस्त करण्याचे सामर्थ्य अंगी, आणि तरीही हात बांधलेले! या अनुभवाने स्टॉलमन यांच्या मनात जे घर केले त्यातून सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर झाला आणि १९८९ मध्ये तिचा परवाना सिद्ध झाला. त्या परवान्याचे सार असे की, आज्ञावली वाचावी, बदलावी, वाटावी. परंतु जो बदल करून वाटील त्याने आपला बदलही तसाच उघडा ठेवावा. १९९१ च्या २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी कार्यप्रणाली रचीत असल्याचे कळविले, व पुढल्याच वर्षी तिला हाच परवाना लावला. आरंभी ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज तिच्या मूळ गाभ्याच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक ओळी केवळ दुभाष्यांच्या आहेत.

एवढा अवाढव्य ग्रंथ शुद्ध कसा राहतो? त्याची पद्धत एकनाथांच्या पद्धतीहून फार निराळी नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते व तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. समजा, मागल्या आवृत्तीत चालणारे छपाईयंत्र नव्या आवृत्तीत बंद पडले. बिघाड कोणत्या बदलाने झाला? सर्व बदल एकामागून एक तपासू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. म्हणून बदलांच्या बरोबर मध्यावरची प्रत घेऊन पाहावयाची. ती चालत असेल तर दोष उत्तरार्धात, नसेल तर पूर्वार्धात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावयाचे. अशा रीतीने सोळा हजार बदलांतून एक अपराधी चौदा परीक्षांत हाती लागतो, आणि या कामी विद्वत्तेपेक्षा चिकाटी लागते. दोष सापडल्यावर दुरुस्ती लिहून पाठवावयाची, त्या भागाच्या राखणदाराने ती तपासावयाची, आणि २००४ पासून प्रत्येकाने तीखाली आपल्या नावाची सही करावयाची असा दंडक आहे. दोष प्रथम कोणी कळविला त्याचेही नाव तेथे नोंदविण्याची चाल आहे. बुरूज सावरणाऱ्याचे नाव इतिहासात राहत नाही, ही जी तक्रार आरंभी केली, तिला येथे तरी उत्तर मिळाले आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. १९९५ च्या १५ ऑगस्टला या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले, परंतु दूरध्वनीच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे अशक्यप्राय होते. अशा वेळी, १९९६ मध्ये, 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने ती तबकडीवर घालून वाचकांस घरपोच दिली. या उपक्रमाचे प्रवर्तक अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचे शिक्षण बेळगावात झाले होते. २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी मुंबईत 'इंडलिनक्स' हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला. वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक जितेंद्र शहा यांनी मराठीकरणाचे काम हाती घेतले, सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा 'रघु' हा टंक कामास आला. २००४ मध्ये 'रेड हॅट' या कंपनीने 'लोहित' टंक सर्वांस खुले केले.

या कामातील एक दोष मराठी वाचकास विशेष कळण्यासारखा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' दक्षिणा द्यावयाची व 'आचाऱ्यास' मजुरी. हा भेद करणारा आडवा अर्धा 'र' हिंदीस लागत नाही. त्यामुळे ज्यांनी देवनागरीची व्यवस्था हिंदीच्या मापाने केली त्यांच्या पडद्यावर आमच्या दऱ्या समुद्रात बुडू लागल्या, किंवा रकाराखाली नुकता व हलंत लोंबकळू लागले. १९९१ मध्ये निघालेल्या 'युनिकोड' या सर्वलिपींच्या संकेतात द्राविडी उच्चारासाठी जो नुकतायुक्त 'ऱ' होता, त्याचाच अर्धा आकार मराठीचा अर्धा 'र' मानावा अशी सोय झाली. शिवाय साधा 'र', हलंत व एक अदृश्य सांधा असा दुसरा मार्गही जुन्या आवृत्तीशी जुळते घेण्यासाठी ठेवण्यात आला. परिणाम असा की, डोळ्यांस एकच दिसणारा शब्द यंत्राच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिला जातो व एका तऱ्हेने शोधल्यास दुसरा सापडत नाही. 'ॲ' या अक्षरास तर स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. हे नियम अक्षरे जुळविणाऱ्या 'पँगो', 'हार्फबझ' अशा आज्ञावलींत व प्रत्येक टंकात नीट बसविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. कोणाही परदेशस्थ अभियंत्यास 'दऱ्या' व 'दर्या' यांतील फरक दिसणे शक्य नव्हते. मराठी माणसाने तो दोष दाखवावा लागला, आणि आज्ञावली उघडी होती म्हणून तो सुधारताही आला. बंद आज्ञावली असती तर मालकास अर्ज करून वाट पाहावी लागती; आणि मालकाच्या हिशेबात अर्ध्या रकाराची किंमत किती, हे सांगावयास नको.

या पद्धतीस दुसरी बाजू नाही असे मात्र नाही. कित्येक निर्माते आपल्या अवयवांची गुपिते देत नाहीत. एन्व्हिडिया या प्रख्यात कंपनीच्या चित्र-अवयवांचा दुभाषी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे अंधारात चाचपडत रचला, व कंपनीने आपल्या आज्ञावलीचा गाभ्याला जोडणारा भाग उघडा केला तो २०२२ साली. याहून गंभीर प्रसंग २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आला. 'एक्सझेड' ही माहिती आवळून बांधणारी लहानशी आज्ञावली एकच थकलेला राखणदार सांभाळीत होता. कोणी एकाने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनिसाचे सोंग घेऊन विश्वास संपादिला आणि तीत चोरवाट ठेवली. आन्द्रेस फ्रॉइन्ट या अभियंत्यास, दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो एवढीच शंका आली, व त्या शंकेचा पाठपुरावा करता करता तो चोरवाटेपाशी पोहोचला. उघड्या दाराने चोर आत आला हे जसे खरे, तसेच दार उघडे होते म्हणून शेजाऱ्यास तो दिसला हेही खरे. यावरून दाराला कुलूप लावावे असा बोध मी घेत नाही. राखणदाराला एकटे सोडू नये असा घेतो.

आपल्या समाजास या इतिहासातून काय घ्यावयाचे? आपल्याकडे या प्रणालीची थोरवी बहुधा 'ती फुकट मिळते' या शब्दांत सांगितली गेली, आणि तेथेच चूक झाली. ज्या बाजारात विकत घ्यावयाच्या आज्ञावलीची चोरटी नक्कलही चहाच्या पैशांत मिळे, तेथे फुकटपणाचे अप्रूप कोणास वाटणार? चोरट्या प्रतीने पैसे वाचले, परंतु तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याचा अधिकार मिळाला नाही; आणि ज्याने तो अधिकार कधी मागितलाच नाही, त्यास तो नसल्याचे दुःखही झाले नाही. एक संबंध पिढी यंत्र वापरावयास शिकली व ते वाचावयाचे राहून गेले.

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' चा नेहमीचा सांभाळ थांबविला. अनेक धडधाकट यंत्रे केवळ नवी आवृत्ती त्यांवर चढत नाही म्हणून मोडीत जाण्याच्या वाटेवर आली. या तिसऱ्या कॅम्पातील लहान दुकानांतून जुने संगणक उघडून बसणाऱ्या तरुणांस अशी यंत्रे नित्य भेटतात. तारा, पंखे व बॅटऱ्या यांचे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस आज्ञावलीचे ज्ञान पुस्तकात आहे. या दोहोंची गाठ घालून देणे अवघड नाही. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून, कोणा परक्या नमुन्याची नक्कल करून घेण्याऐवजी, एखाद्या चालू दुभाष्यातील एक खरा दोष शोधवून घ्यावा, तो कळवावयास लावावा आणि शक्य तर दुरुस्त करवून त्याखाली त्याची सही होऊ द्यावी. गुण त्यास थोडे कमी मिळाले तरी चालतील. पाऊण शतकापूर्वी ओसाड बराकी घेऊन ज्या लोकांनी त्यांत शहर उभे केले, त्यांच्या नातवंडांस हे काम परके वाटेल असे मला वाटत नाही.