रिकाम्या टाकीचा इतिहास

उत्पादन घटले की मालक प्रथम कामगाराकडे बोट दाखवतो आणि गाडी ओढेनाशी झाली की चालकाकडे किंवा यंत्राकडे. म्हणून आम्ही एका मोटारीची हकीकत सांगतो.

इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून ती पुन्हा इंजिनात भरण्याच्या युक्तीचे पेटंट १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने घेतले. हाच टर्बोचार्जर. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने तो ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ या गाडीला बसवला. साडेतीन लिटरचे इंजिन आणि अश्वशक्ती २१५! परंतु दाबलेली हवा तापते, इंधन अवेळी भडकते व इंजिन ठोके देऊ लागते. यावर उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल यांची वेगळी टाकी दिली होती. जोर देताच ते मिश्रण आत फवारले जाई.

पुष्कळ मालकांनी ती टाकी भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की एक झडप हवेचा दाब आवरी. मग पाय कितीही दाबा, गाडीला जोर येत नसे. लोकांनी यंत्राला नावे ठेवली. वास्तविक झडप इंजिन वाचवत होती! अखेर १९६५ साली कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देऊ केला.

आजही ऐन जोरात गाडीची ताकद गेली, तर टर्बो बदलण्याआधी फुटलेली नळी, तुंबलेली गाळणी तपासावी. यंत्र हात आखडते ते पुष्कळदा जीव वाचवण्यासाठी. माणसाच्या बाबतीतही आधी हेच विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.