नाणें दुर्मिळ कां होतें ?



मंचरसारख्या बाजारपेठेच्या गांवीं ज्यानें आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला, त्याच्या दारीं लोक जुनीं नाणीं घेऊन येतात. रुमालाच्या गांठींतून किंवा काड्यांच्या पेटींतून नाणें बाहेर निघतें आणि "मास्तर, याचे किती येतील ?" हा एकच प्रश्न होतो. अलीकडे तर मोबाइलवर पंचवीस पैशांच्या नाण्याला लाखांचा भाव सांगणारे भेटतात, आणि घरोघर जुने डबे उपडे केले जातात. विचारणाऱ्याच्या मनांत दोन समजुती पक्क्या असतात. जुनें तें महाग, ही एक. आणि टांकसाळींत थोडें पाडलें गेलें तें दुर्मिळ, ही दुसरी. पहिली सोडून देऊं; दोन हजार वर्षांपूर्वींचीं कांहीं नाणीं आजहि किरकोळ किंमतीस मिळतात. दुसरी मात्र अर्धी खरी आहे, म्हणून तिच्याविषयींच आज बोलावयाचें योजिलें आहे.

आपल्या खिशांतील रुपया काढून पाहा. सनाच्या खालीं एक बारीक खूण असते. हिऱ्याच्या आकाराची असेल तर नाणें मुंबईचें, चांदणी असेल तर हैदराबादचें, ठिपका असेल तर नोएडाचें; कांहींच नसेल तर तें कोलकात्याचें. कोणत्या टांकसाळीनें कोणत्या सालीं किती नाणीं पाडलीं याचे आंकडे मिळाले कीं संग्राहक त्यांची कोष्टकें करतो, आणि ज्या रकान्यांत आंकडा लहान त्या नाण्याच्या मागें लागतो. येथपर्यंत ठीक आहे. परंतु कोष्टक सांगतें तें जन्माचें. मरणाची नोंद त्यांत कोठेंच नसते. एखाद्या थोर पुरुषाच्या स्मरणार्थ काढलेलें नाणें थोडें पाडतात खरें, पण घेणारा प्रत्येकजण तें पहिल्या दिवसापासून डबींत जपून ठेवतो. शंभर वर्षांनीं त्यांतलीं बहुतेक शाबूत सांपडतील. बाजारांतल्या नाण्याला असें जपणारा कोण आहे ?

सन १९११ सालच्या रुपयाची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. पंचम जॉर्ज बादशहा गादीवर आल्यावर मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनीं त्याच्या मुद्रेचे नव्वद लाखांवर रुपये पाडले. बादशहाच्या झग्यावरील पदकमाळेंत एक हत्ती कोरलेला होता. कारागिरानें त्याची सोंड इतकी आंखूड काढली कीं लोकांना तो डुक्कर वाटूं लागला, आणि मुसलमान समाजांत नाराजी पसरली. सरकारनें रुपया थांबविला. सुमारे सात लाख तेवढे लोकांच्या हातीं गेले होते, बाकीचे पुन्हां मुशींत गेले. १९१२ सालीं सोंड लांब करून नवा ठसा निघाला. आतां कोष्टक पाहणारा नव्वद लाख हा आंकडा वाचून पुढें जाईल. पण त्या सालचा रुपया हातीं धरणारा खरें पाहतां त्या सात लाखांपैकीं एक धरून असतो, आणि त्या सातांतूनहि पुढें सोनारानें किती आटविले असतील तें वेगळेंच.

सोनाराला काम देण्याचें मोठें कारण महायुद्धानें पुरविलें. पूर्वींच्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली. दोन्ही रुपयांची बाजारांत किंमत एकच. मग शहाणा माणूस जुना घरांत ठेवणार आणि नवा वाण्याला देणार हें उघड आहे. ठेवलेला रुपया पुढें चांदीच्या भावानें विकला गेला. अशा रीतीनें आमच्या आजोबांच्या वेळचे राणीछाप रुपये देव्हाऱ्यांतल्या एक-दोन नगांपुरते उरले.

येथवर निदान टांकसाळीचे आंकडे तरी हाताशीं होते. आतां जेथें कसलेंच दप्तर उरलेलें नाहीं अशा काळाकडे वळूं. त्यासाठीं आम्हां मंचरकरांना फार दूर जावें लागत नाहीं. नारायणगांवावरून जुन्नरला गेलें कीं मनमोडीच्या डोंगरांतील लेणीं लागतात. तेथें महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम यानें दान दिल्याचा शिलालेख आहे. त्यावर शेहेचाळीस हें वर्ष घातलेलें आहे. पलीकडे नाणेघाटांत सातवाहनांच्या घराण्यांतील यज्ञांचा मोठा लेख असून त्यांत हजारों कार्षापणांच्या दक्षिणेचीं वर्णनें आहेत. म्हणजे या एकाच तालुक्याच्या दोन डोंगरांवर दोन वैरी राजवंशांच्या खुणा शेजारीं शेजारीं आहेत. कार्षापणांचा भावहि कळतो, तो नाशिकच्या लेण्यांतून. तेथें नहपानाचा जांवई उषवदात यानें दिलेल्या दानाच्या हिशेबांत एका सुवर्णास पस्तीस कार्षापण असा दर नोंदलेला आहे. पैशाचा एवढा सुळसुळाट, आणि तरीहि सन १९०६ पर्यंत नहपानाचीं रुप्याचीं नाणीं विद्वानांना अगदीं मोजकींच ठाऊक होतीं.

त्या वर्षीं नाशिक जिल्ह्यांत गोदावरीकांठच्या जोगळटेंभी या खेड्यांत एक ठेवा निघाला. त्यांत सुमारे सव्वातेरा हजार रुप्याचीं नाणीं होतीं, आणि सगळीं नहपानाचीं. पादरी स्कॉट यांनीं तीं तपासून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. एका बाजूस राजाचें मस्तक व ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, भोंवतीं ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत नांव. चेहरे मात्र एकसारखे नाहींत. कोठें तरुण, कोठें गाल बसलेला म्हातारा, नाकाची ठेवणहि निराळी. म्हणून हे एकाच घराण्यांतील निरनिराळे पुरुष असावेत असा तर्क स्कॉटसाहेबांनीं केला होता. मला स्वतःला तो पटत नाहीं; दोन पिढ्यांच्या कारागिरांनीं एकाच राजाचा चेहरा कसा काढला असेल हें पाहावयास आपलें साधें गणपतीचें कारखानेहि पुरेसे आहेत.

पण ठेव्यांतली खरी मौज पुढें आहे. या नाण्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे चार वर्तुळांचें तें उज्जयिनीचें म्हणून प्रसिद्ध असलेलें चिन्ह. कित्येकांवर नव्या डोंगराखालून जुन्या राजाचें नाक किंवा कान अजून डोकावतो. नाशिकच्या लेखांत गौतमीपुत्राला क्षहरात कुळाचा निःशेष करणारा म्हटलें आहे. पण प्रशस्ति लिहिणारा काय वाटेल तें लिहील ! तो नहपान नेमका ज्याच्या हातून संपला तो गौतमीपुत्रच, हें या नाण्यांनीं जवळजवळ हातावर ठेवून दाखविलें. विजेत्यानें तीं आटवून नवीं पाडलीं असतीं, तर त्याच्या नाण्यांची संख्या तेवढीच भरली असती आणि आपला पुरावा धुरांत गेला असता. शिवाय एका दिवसांत नहपानाचें नाणें दुर्मिळांतून सुलभांत आलें. अठराशें वर्षांपूर्वीं तीं जितकीं पाडलीं होतीं तितकींच होतीं. बदलला तो फक्त जमिनीवरचा हिशेब.

याच्या उलट शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाचें झालें. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर तांब्याची शिवराई व सोन्याचा होन असें नाणें चालूं झालें. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. महाराजांच्या खजिन्याची जी याद सभासदानें आपल्या बखरींत दिली आहे, तींत शिवराई होनांचा आंकडा चार लाख आहे. बखरींतला आंकडा कांहीं तोलून घ्यावा लागतो. चाराचा एक धरा. तरीहि आज खरे ठरलेले होन अगदीं थोडे आहेत. सोनें कोणाच्याहि राज्यांत सोनेंच असतें, त्यामुळें तें आटविण्यास कोणाला दुःख होत नाहीं. परक्या व्हेनिसच्या मोहरेचें नशीब त्या मानानें चांगलें. आमच्या बायकांनीं तिच्यावरील दोन माणसांना राम-सीता समजून तिला कडी लावली आणि पुतळ्यांच्या माळेंत ओंवली. संग्राहकाला ती कडी खुपते, पण तिनेंच नाणें वांचविलें.

तांब्याची शिवराई मात्र एवढी पडून राहिली कीं पादरी ॲबट यांना अभ्यासासाठीं सुमारे पंचवीस हजार नग पाहतां आले. देव्हाऱ्यांत शिवराई असलेल्या घरांना एक सांगितलें पाहिजे. ती महाराजांच्या हयातींतलीच असेल असें नाहीं. त्यांच्या नांवानें पुढें पेशवाईंतहि ठिकठिकाणीं शिवराया पडत होत्या, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक त्या काळच्या आहेत. आणखी एक विनंति अशी कीं तिला चिंच लावून घासूं नका. माझ्या वडिलांच्या शिवराईवरील 'छत्रपति'चा 'छ' मींच लहानपणीं दर दसऱ्याला घासून घासून नाहींसा केला आहे.

याहून मोठी एक चूक सांगावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं घोड नदीच्या बाजूच्या एका वाडीचा मुलगा शाळेंत पांच-सहा शिशाचे तुकडे घेऊन आला. शेतांत नांगराला मडकें लागलें होतें, त्यांतले ते. एकावर सोंड उचललेला हत्ती चांगला दिसत होता. सातवाहनांचीं नाणीं हें मीं ओळखलें, आणि पुस्तकांत वाचलें होतें तेंच त्याला सांगितलें : "अशीं शिशाचीं नाणीं पुष्कळ सांपडतात, घरीं ठेव." दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाल्यास कलेक्टराला कळवावा असा १८७८ चा कायदा आहे, तोहि मला ठाऊक होता. पण शिशाला काय मोल, असें मनांत आलें. दिवाळीची सुटी संपल्यावर मीं त्याला मडक्याविषयीं विचारलें. त्याच्या वडिलांनीं सगळें शिसें वितळवून मासे धरण्याच्या जाळ्याला गोळ्या केल्या होत्या. नाणीं तांब्याभर होतीं, असें तो म्हणाला. हत्तीच्या पाठीमागच्या बाजूस काय होतें, कोणत्या राजाचें नांव होतें, तें मीं टिपून घेतलें नव्हतें.

पुढें मी त्या वाडीला गेलों. जाळें अंगणांत वाळत घातलेलें होतें, गोळ्याहि पाहिल्या. त्यांचें वजन करून घेतलें असतें तर मडक्यांत किती नाणीं होतीं याचा निदान अदमास आला असता. तें सुचलें तें परतीच्या एस. टी. त बसल्यावर.