नेम, सबब आणि पारणे : महाराष्ट्रातील आहारव्रतांचा इतिहास

महाराष्ट्रात खाण्यापिण्यावर माणसाने आपण होऊन बंधन घालून घेण्याची जी पद्धत सर्वांत दीर्घकाळ टिकली, तिला शास्त्रग्रंथांत ‘व्रत’ आणि घरगुती बोलीत ‘नेम’ किंवा ‘वसा’ म्हणतात. तिच्याकडे सहसा भक्तीचा किंवा रूढीचा भाग म्हणून पाहिले जाते. परंतु घेतलेला नेम पाळताना माणूस कोठे ढिला पडतो, ढिला पडल्यावर कोणती सबब सांगतो आणि त्या सबबीची जबाबदारी कोणाच्या माथी येते, याचा विचारही तिच्यात बारकाईने झालेला आहे. मध्ययुगीन धर्मग्रंथांपासून विसाव्या शतकातील फराळाच्या ताटापर्यंतचा हा इतिहास पाहिला, तर माणसाच्या जिभेचा स्वभाव फारसा पालटलेला दिसत नाही. पालटले ते सबबीचे स्थान. पूर्वी सवलत हवी असेल तर ती उघडपणे घ्यावी लागे व तिची काही किंमत मोजावी लागे. पुढे ती पदार्थांतच मुरली आणि आपण सवलत घेत आहोत याची जाणीव हळूहळू पुसट झाली.

व्रतांच्या नियमांचा मुख्य आधार म्हणजे ‘निबंधग्रंथ’, म्हणजे स्मृती आणि पुराणांतील विखुरलेली वचने विषयवार एकत्र करून, त्यांतील विरोध सोडवून निर्णय देणारे ग्रंथ. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीने तेराव्या शतकात रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा एक स्वतंत्र खंड व्रतांना वाहिलेला आहे. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहून तोच विषय अधिक सुटसुटीत केला. ‘धर्मसिंधु’ हा पुढे महाराष्ट्रातील भटजींच्या नित्य वापरातला ग्रंथ ठरला आणि कोणत्या तिथीला काय खावे व काय टाळावे, याचा वाद बहुधा त्याच्याच आधारे मिटवला जाऊ लागला.

या ग्रंथांच्या दृष्टीने व्रताचा आरंभ न खाण्यापासून होत नाही, तो संकल्पापासून होतो. तळहातावर पाणी व अक्षता घेऊन, देश आणि काळ यांचा उच्चार करून, आपले गोत्र व नाव सांगून, अमुक काळापर्यंत अमुक गोष्ट करीन असे म्हणायचे आणि ते पाणी ताम्हनात सोडायचे, हा संकल्पाचा विधी होय. एरवी मनातल्या मनात केलेला निश्चय करणाऱ्याच्या सोयीने आकसू किंवा पसरू शकतो. संकल्पात मात्र करणारा कोण, मुदत किती आणि मर्यादा कोणती, हे तिन्ही मुद्दे पहिल्याच दिवशी नक्की होतात. पुढे नियम मोडला तर तो कोणी मोडला आणि नेमका कोणता मोडला, याविषयी संदिग्धता उरू नये, हा या विधीचा व्यावहारिक परिणाम होता.

एकादशीच्या उपवासाची मूळ कल्पना आजच्या तुलनेने फारच कडक होती. पूर्ण उपवास म्हणजे तीन दिवसांत चार जेवणे सोडणे : दशमीला रात्रीचे, एकादशीला दोन्ही वेळचे आणि द्वादशीला पारणे झाल्यावर पुन्हा रात्रीचे. पारणे म्हणजे उपवासानंतरचे पहिले भोजन, आणि तेही ठरावीक वेळेत करणे हा व्रताचाच भाग मानला जाई. दशमीपासूनच काशाच्या भांड्यात जेवणे, मांस, मसूर, हरभरे, कोद्रू, पालेभाजी, मध आणि दुसऱ्याच्या घरचे अन्न वर्ज्य होते. उपवासाच्या दिवशी वारंवार पाणी पिण्याने, एकदाही विडा चघळण्याने किंवा दुपारी झोप काढण्याने उपवास नष्ट होतो, असेही निबंधकार सांगतात. म्हणजे पोट भरण्याबरोबरच तोंड चाळवणे आणि वेळ झोपेत घालवणे यांवरही त्यांची नजर होती.

एवढा कडक नियम सर्वांना झेपणार नाही, हे त्याच ग्रंथकारांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणून त्यांनी सवलतींची उतरंडही रचून ठेवली. ज्याला निराहार राहणे शक्य नाही त्याने ‘नक्त’ करावे, म्हणजे दिवसभर न खाता रात्री एकदा जेवावे; ‘एकभुक्त’ म्हणजे दुपारी एकदाच जेवणे आणि ‘अयाचित’ म्हणजे न मागता मिळेल तेवढेच खाणे, हे आणखी दोन प्रकार. हविष्यान्न (होमात चालणारे साधे अन्न), फळे, तीळ, दूध, पाणी, तूप असा क्रमही सांगितला असून त्यात पुढचा पर्याय मागच्यापेक्षा श्रेष्ठ मानला आहे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रताचा भंग होत नाही, अशी एक प्रसिद्ध यादी आहे, आणि पुढे फराळाच्या नावाखाली जे काही खाल्ले गेले त्यातील बऱ्याचशा गोष्टींचे शास्त्रीय समर्थन या यादीशी नेऊन जोडता येते. तरीही यादीचा मूळ हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. आजारपण, अशक्तपणा किंवा वडीलधाऱ्यांचा शब्द ही कारणे आयत्या वेळी शोधावी लागू नयेत म्हणून आधीच मोजून ठेवलेली होती, आणि जे कारण यादीत नाही ते कारणच नव्हे, असा त्याचा दुसरा अर्थ होता.

यादीबाहेरच्या भंगासाठी प्रायश्चित्त होते. क्रोध, लोभ किंवा बेसावधपणा यांमुळे व्रत मोडले तर तीन दिवसांचे उपोषण, मुंडन असे प्रायश्चित्त सांगून त्यानंतर तेच व्रत पुन्हा सुरू करावे, असा निर्णय आढळतो. एकदा मोडले म्हणून सगळेच सोडून द्यावे, ही खाण्याचा नियम मोडलेल्या प्रत्येकाच्या मनात येणारी पळवाट येथे बंद केलेली दिसते. प्रतिनिधीची सोयही अशीच मोजून दिलेली आहे : रोजच्या किंवा प्रसंगपरत्वे आवश्यक व्रतात मुलगा, पत्नी, भाऊ यांच्याकरवी व्रत पूर्ण करून घेता येई, पण एखादे फळ मिळावे म्हणून आपण होऊन धरलेल्या ‘काम्य’ व्रताचा आरंभ तरी स्वतःच करावा लागे.

या व्यवस्थेची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय तिचे चित्र पुरे होत नाही. पुत्रवान गृहस्थाला कृष्ण पक्षातील एकादशीच्या उपवासातून, चातुर्मास वगळता, मोकळीक होती. विधवेला मात्र दोन्ही पक्षांतील एकादशी सुटत नसे. ज्या घरांत हे नियम कसोशीने पाळले जात, तेथे एकवेळचे जेवण आणि निरस आहार हा तरुण विधवेच्या जन्मभराच्या दिनक्रमाचा भाग होई, आणि त्यात तिच्या संकल्पाला काही अर्थ नसे. सौभाग्यवतीची स्थितीही सर्वस्वी मोकळी नव्हती, कारण व्रतासाठी तिला पतीची अनुमती लागे आणि उपवासाच्या दिवशी इतरांसाठी वेगळा स्वयंपाक तिलाच करावा लागे. जेथे नाही म्हणण्याची मुभा नाही, तेथे नियमपालनाला जबाबदारी म्हणता येत नाही. तो केवळ लादलेला भार ठरतो. म्हणून व्रतांच्या इतिहासातील जबाबदारीची चर्चा ज्यांना निवड करता येत होती त्यांच्यापुरतीच खरी मानावी लागते.

सामान्य कुटुंबांत आहारबदलाचा खरा हंगाम म्हणजे चातुर्मास, अर्थात आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ. श्रावणात पालेभाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये सोडण्याचा महिनावार क्रम ग्रंथांत दिलेला आहे. महाराष्ट्रातील घरांत त्याहून अधिक रुळले ते कांदा, लसूण आणि वांगी चार महिने बंद ठेवणे. याशिवाय पत्रावळीवर जेवणे, मौन धरून जेवणे, एक दिवस उपवास व एक दिवस भोजन असे ‘धरणे-पारणे’ करणे, असे नेम विशेषतः स्त्रिया धरीत. या हंगामाच्या उंबरठ्यावर आषाढ शुद्ध नवमीला ‘कांदेनवमी’ येते, त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपिठे, झुणका असा बेत करून कांद्याला निरोप दिला जातो. मांसाहार करणाऱ्या समाजांत श्रावणापूर्वीची आषाढी अमावास्या ‘गटारी’ म्हणून त्याच रीतीने साजरी होते. उद्यापासून सोडायचे म्हणून आज भरपेट खाणे ही चालढकलीचीच रीत आहे, हे खरे. मात्र ती पंचांगात बसवलेली आणि सर्वांनी मिळून केलेली असल्यामुळे ‘उद्या’ या शब्दाला तेथे तारीख मिळते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या डोळ्यांदेखत नेम सुरू करणे भाग पडते.

नेमाचा शेवटही असाच ठरलेला होता. चार महिने जी वस्तू सोडली ती चातुर्मासाच्या शेवटी दान करून मगच पुन्हा खावी, हा उद्यापनाचा, म्हणजे व्रताच्या समारोपाचा, एक प्रकार होय. वांग्यांच्या बाबतीत खंडोबाच्या उपासकांनी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत, मुदत लांबवली. त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवून वांगी पुन्हा घरात येतात. आरंभ, मुदत आणि समारोप अशी आखणी असल्याने मधल्या काळात ‘आता पुरे झाले’ असे ज्याचे त्याने ठरवण्याला फारसा वाव राहत नसे.

वारकरी संप्रदायाने ही जबाबदारी वेगळ्या मार्गाने दृढ केली. संप्रदायात येताना गळ्यात तुळशीची माळ घालतात, आणि माळ घालणे म्हणजे मद्यमांस सोडणे, एकादशी करणे आणि वारी चालवणे अशी बांधिलकी स्वीकारणे. शास्त्रातील सवलतींची उतरंड समजून घ्यायला पंडित लागे. माळकऱ्याची बांधिलकी मात्र गळ्यात दिसत असे आणि तिची आठवण पंक्तीत बसलेला कोणीही करून देऊ शके. ज्या जातींना व्रतग्रंथांच्या जगात फारसे स्थान नव्हते, त्यांतील शेतकऱ्या-कारागिरांना आपल्या आहाराविषयीचा निर्णय स्वतः घेण्याची व तो मिरवण्याची जागा या माळेने मिळवून दिली. एकादशीला अन्न घेणाऱ्यांवर तुकोबांनी जी कठोर टीका केली, तिच्यामागे जाणूनबुजून घेतलेल्या या बांधिलकीची अपेक्षा होती.

उपवासाचे आजचे ताट या सगळ्यानंतर, आणि बऱ्याच अंशी समुद्रापलीकडून आलेल्या पिकांमुळे तयार झाले. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडांतील. बटाट्याच्या लागवडीशी महाबळेश्वरचे नावही जोडलेले आहे. तेथील तुरुंगात ठेवलेले चिनी आणि मलायी कैदी एकोणिसाव्या शतकात बटाटे व विलायती भाज्या पिकवीत, आणि त्यांच्याकडून ही लागवड आसपासच्या लोकांनी उचलली. साबुदाणा हा मूळचा आग्नेय आशियातील साबूच्या झाडाच्या खोडातील पिठापासून बनवलेला आयात माल, आणि घरांत तो आजाऱ्याची पेज म्हणूनही ओळखीचा होता. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या आरंभी, जपानने मलाया आणि सिंगापूर घेतल्यावर तिकडचा माल बंद झाला आणि तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा बनवण्याच्या धंद्याने मूळ धरले. टॅपिओका हे पीकही दक्षिण अमेरिकेतलेच. म्हणजे ज्या खिचडीला आज उपवासाचा सनातन पदार्थ मानले जाते, तिच्यातील साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा आणि हिरवी मिरची यांपैकी एकही वस्तू हेमाद्रीच्या स्वयंपाकघरात नव्हती.

या वस्तूंना प्रवेश मिळाला तो जुन्या नियमाच्या अक्षरातून. उपवासात वर्ज्य ते धान्य, आणि कंदमुळे व फळे मात्र वर्ज्य नाहीत, हे सूत्र धरले की बटाटा कंद म्हणून आत येतो, साबुदाणाही धान्य नसल्याने आत येतो, आणि दाण्यांना कोणी अडवत नाही. मग वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, उपवासाच्या भाजणीचे थालीपीठ, साबुदाणेवडा असा भरगच्च बेत जमतो, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. वाद उरतो तो जिरे चालते की नाही, कोथिंबीर चालते की नाही, हळद घालावी की नाही एवढाच, आणि त्याचा निकाल घराघरांत निराळा लागतो. जुन्या ग्रंथांत अशक्ताने सवलत घेताना आपण अशक्त आहोत हे निदान स्वतःशी तरी मान्य करायचे होते. नव्या ताटात सुदृढ माणूस नेहमीपेक्षा जड जेवण करतो आणि तरी काहीही मोडलेले नसते. एक घोट जास्त पाण्याने बिघडणारा उपवास ताटभर खिचडीने बिघडत नाही, ही विसंगती कोणा एकाच्या लबाडीतून निर्माण झालेली नाही. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची सवलत नियम म्हणून स्वीकारली, आणि तिची जबाबदारी कोणाकडेच राहिली नाही.

नियमाचे अक्षर आणि त्याचा आशय यांतील हे अंतर आधुनिक काळात ज्याने आपल्या नावावर घेतले, त्या व्यक्तीचा प्रसंगही मुंबईशी निगडित आहे. महात्मा गांधींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. 1918 मध्ये खेडा भागात सैन्यभरतीचे काम करीत असताना ते आमांशाने मरणाच्या दारी पोहोचले. हवापालटासाठी माथेरानला जाऊनही गुण आला नाही, आणि मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधावाचून प्रकृती सुधारणार नाही असे सांगितले. तेव्हा प्रतिज्ञा घेताना गाय आणि म्हैस यांचेच दूध मनात होते, मग शेळीचे घ्यायला हरकत कोणती, असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला आणि गांधींनी तो पत्करला. युक्तिवाद निबंधकारांना शोभेल असा होता, शिवाय औषधाची सवलत शास्त्रातही होती. तरीही 1925 पासून ‘नवजीवन’मधून प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत त्यांनी, पुढे उभ्या असलेल्या लढ्यासाठी जगण्याची इच्छा प्रबळ झाली म्हणून आपण प्रतिज्ञेचे अक्षर राखले आणि आत्मा सोडला, अशा आशयाची कबुली दिली. दोष कस्तुरबांवर किंवा डॉक्टरांवर ढकलणे सोपे होते. सुचवणारे दुसरे असले तरी स्वीकारणारे आपण, असा हिशेब त्यांनी मांडला. शेळीचे दूध त्यांनी पुढेही सोडले नाही, आणि त्या दुधाला प्रतिज्ञेचे पालनही म्हटले नाही.

या दीर्घ इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्रतांचे पुनरुज्जीवन करावे असा नाही, कारण ज्या समाजरचनेत ती उभी होती तिच्यातील सक्ती पुन्हा कोणालाही नको आहे. मात्र गोड, तळलेले किंवा मद्य सोडण्याचा आजचा प्रत्येक प्रयत्न ज्या ठिकाणी अडखळतो, त्या ठिकाणांची नोंद जुन्या नेमकर्त्यांनी करून ठेवली होती : मुदत न ठरवणे, सवलत आयत्या वेळी शोधणे, एकदा चुकल्यावर सगळेच सोडणे आणि सवलतीलाच नियम समजणे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींवर त्यांनी संकल्प, अपवादांची यादी आणि प्रायश्चित्त असे उपाय योजले. चौथीवर त्यांना उपाय सापडला नाही, आणि फराळाचे ताट नेमके त्याच फटीतून वाढत गेले. ती फट ग्रंथाने किंवा पंक्तीने बुजवता येण्यासारखी नव्हती, कारण नियमाच्या अक्षरात बसणारी सबब बाहेरच्या कोणालाही पकडता येत नाही. ती ओळखण्याचे काम ज्याने नेम धरला त्याच्याकडेच राहते.